ओवे गावचा चहा आणि कंपनीचा नियम

लोकांना चहा प्यायला शिकवणं हा माझा धंदा होता. हे मी नातवंडांना सांगतो तेव्हा ती एकमेकांकडे बघतात आणि आजोबांची फिरकी घ्यायची पाळी आज कोणाची, एवढंच ठरवतात. चहा काय शिकवायचा असतो? तो तर जन्मतःच येतो, असं त्यांचं मत आहे. पण दुसरी मोठी लढाई संपत आली त्या सुमाराला पनवेलच्या आसपासच्या खेड्यांत अशी पुष्कळ माणसं होती, ज्यांनी चहा पाहिला होता, त्याचा वास घेतला होता, तापात औषध म्हणून तो एखाद्या वेळी घशाखाली घातलाही होता. रोज सकाळी उठून, काही दुखत-खुपत नसताना तो प्यायचा, ही कल्पना मात्र त्यांना सुचली नव्हती. ती सुचवायला एका चहा कंपनीनं मला पगारावर ठेवलं. कंपनीचं नाव सांगत नाही. तिनं माझा निरोपसमारंभ चांगला केला होता, आणि पुढं जे सांगणार आहे त्यातलं तिला काहीच ठाऊक नाही.

माझं दुकान सायकलच्या कॅरियरवर बांधलेलं असे. एक पत्र्याची पेटी, तीत रॉकेलचा स्टोव्ह, किटली, पेंढ्यात गुंडाळलेल्या कपबश्या, चहाचे डबे आणि गुंडाळीचा एक कापडी तक्ता. तक्त्यावर एक गुबगुबीत कुटुंब चहा पीत हसत होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की चहानं भूक आणि थकवा दूर होतो. गावात गेलं की देवळाजवळ किंवा शाळेच्या पडवीत पेटी उघडायची आणि स्टोव्हला पंप मारायचा. चहापेक्षा त्या स्टोव्हच्या फुरफुरण्यालाच जास्त गर्दी जमे. मग मी कंपनीचे नियम सांगे. पाणी ताजं हवं, खळखळून उकळलं की खाली उतरवायचं, पत्तीवर ओतायचं, झाकून ठेवायचं, दूध वेगळं, साखर वेगळी. लोक मान डोलावत, घरी जात आणि पाणी, पत्ती, गूळ, दूध सगळं एकाच टोपात घालून त्याचा काढा होईपर्यंत उकळत. आमच्या साहेबांनी तो पाहिला असता तर त्यांना झीट आली असती. मी त्याकडे डोळेझाक करी. मला चहा खपवायचा होता, साहेबी रीत नव्हे.

'कंपनीचा नियम' या शब्दांतलं बळ मला कळलं ते कपांवरून. त्या काळी पुष्कळ हॉटेलांत काही लोकांचे कप वेगळे असत. बाहेरच्या भिंतीला खिळ्यावर अडकवलेले, ज्याचे त्यानं घ्यायचे, ज्याचे त्यानं विसळायचे. माझ्या पेटीत कपांचा एकच संच. एका गावात चार वडीलधारी मंडळी पुढं आली आणि म्हणाली, मास्तर, याच कपांतून त्यांनाही देणार काय? मी वाद घालत नाही. एक तर मी अंगानं किडकिडीत, आणि सायकलची हवा त्यांच्या हातात. मी अगदी हळहळल्यासारखं तोंड करून सांगितलं की मी काय करणार, कंपनीचा नियम आहे. एका पेटीतले कप वेगळे केले तर कंपनी त्या गावाला पुडी पाठवत नाही. असा कसलाही नियम नव्हता. किती कप फुटले एवढंच कंपनी विचारत असे. मंडळींनी बाजूला जाऊन खलबत केलं, कंपनी गोऱ्या साहेबाची आहे ना याची खात्री करून घेतली आणि मुकाट्यानं कप तोंडाला लावले. हॉटेलांच्या भिंतीवरचे खिळे त्यानं निघाले नाहीत, ते पुढं बरीच वर्षं राहिले. मी काही मोठी सुधारणा केली असं म्हणत नाही. पण देवाचं आणि कायद्याचं न ऐकणारा माणूस कंपनीचं ऐकतो, हे मला त्या दिवशी समजलं. त्यानंतर माझ्या मनाला येतील ते नियम मी बनवत गेलो. पहिला कप नवऱ्यानं बायकोला द्यायचा, हा नियम तर तालुक्याच्या अर्ध्या गावांत मी लागू केला होता.

धंद्यात लबाडीही होती. पनवेलच्या बाजारात एक शेठ हॉटेलांतून उकळून फेकलेली पत्ती गोळा करून आणी, माडीवर गोणपाटावर वाळवी, रंग लावी आणि नवी म्हणून विकी. ओल्या पांढऱ्या फडक्यावर चिमूटभर टाकली की लगेच रंग सोडी, एवढी सोपी परीक्षा होती. पण दुकानात शिरून फडकं पसरणार कोण? मी त्याच्या दुकानासमोर स्टोव्ह मांडला, गर्दी जमवली आणि शेठना फार आग्रहानं बोलावलं. पत्ती तुमच्याच दुकानातली, पाणी तुम्हीच ओता, आणि पहिला कपही तुमचाच. शेठ म्हणाले, आज माझा उपास आहे. मी म्हटलं, शेठ, उपासाला चहा चालतो. गर्दीनंही चालतो म्हणून सांगितलं. शेठनी डोळे मिटून तो कप संपवला आणि त्यानंतर आठवडाभर त्यांच्या माडीवर फक्त पापड वाळत होते.

आता माझं स्वतःचं एक गुपित सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. मला चहा चालत नाही. एक कप पोटात गेला की पित्त खवळतं, डोकं चढतं आणि ओकारी होते. नोकरी लागली तेव्हाच हे कळलं होतं, पण घरात खाणारी तोंडं पुष्कळ होती आणि दुसरी नोकरी दारात उभी नव्हती. कंपनीची सक्त ताकीद होती की प्रचारकानं लोकांसमोर स्वतः चहा घेऊन दाखवलाच पाहिजे. हा एक मात्र खरोखरीचा नियम होता. मग मी एक कसब साधलं. कप ओठांना लावायचा, फुंकर मारायची, 'वा' म्हणायचं आणि बोलत बोलत मागं सरकून तो एखाद्या झाडाच्या बुंध्याशी रिकामा करायचा. ओवे गावच्या वेशीवर एक शेवगा होता. त्यानं माझ्या हातचा जेवढा चहा प्यायला, तेवढा तालुक्यात कोणी प्यायला नसेल.

ओवे हे गाव आमच्या कंपनीच्या घशातलं हाड होतं. आजूबाजूची गावं एकेक करून चहाला लागली, पण ओव्याच्या मोठ्या पाड्यात एक पुडी खपत नव्हती. कारण चांगूआय. काळी, काटक, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी म्हातारी. पाड्यातली गोड्या पाण्याची एकुलती विहीर तिच्या अंगणात. सगळा पाडा तिथलंच पाणी भरी, त्यामुळं चांगूआयचा शब्द खाली पडत नसे. तिनं विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं होतं की आमच्या पाड्यात चुलीवर चहा चढणार नाही. मला तिनं गावात पेटी उघडू दिली नाही. मी वेशीवर, त्या शेवग्याखाली मांडामांड करायचो आणि लोक लांब उभे राहून स्टोव्हचा आवाज ऐकून जायचे.

पण पुडी खपत नव्हती ती ओव्याला. पनवेलला आमच्या डेपोत बाजाराच्या दिवशी ओव्याच्या बायका येत, भाजीची पाटी रिकामी झाली की तळाशी एक पुडी ठेवत आणि वर फडकं पसरत. त्यांत सगळ्यात धीट चांगूआयची नात गोमी. मला नवल वाटे, ही पत्ती शिजते कुठं? म्हणून मी एकदा बाजाराच्या दिवशी, चांगूआय पनवेलला गेलेली असताना, सायकल घेऊन ओव्याला गेलो. पाड्यात शिरलो तर प्रत्येक घरातून बोंबील भाजल्याचा वास. सगळ्या पाड्याला एकाच वेळी बोंबील खायची लहर आली होती. जरा पुढं गेल्यावर त्या वासाखाली दुसरा वास नाकाला लागला, आणि तो मी झोपेतही ओळखला असता. म्हातारी बाजाराला गेली की पाडा चहा करी, कोरा, गुळाचा, आणि म्हातारीच्या नाकाला कळू नये म्हणून निखाऱ्यावर बोंबील टाकी. मी सायकल वळवली. आमच्या धंद्यात मी एक नीती कसोशीनं पाळली. गिऱ्हाईक काय पितं आणि कोणापासून लपवून पितं, हे चहावाल्यानं बाहेर बोलायचं नाही.

आता चांगूआय दर बाजाराला पनवेलला कशासाठी जात होती ते ऐका. बाजारपेठेत दत्तूशेठचं हॉटेल होतं. मागच्या बाजूला फळ्यांनी आडोसा केलेल्या दोन खोल्या, त्यांना पडदे, बाहेर 'फॅमिली' अशी पाटी. फॅमिली नसतानाही मी तिथं बसायचो, कारण चहा कंपनीच्या माणसानं चारचौघांत दूध पिणं बरं दिसत नव्हतं. दत्तूशेठ जुना मित्र. तो मला गुपचूप पेलाभर गरम दूध आणून देई आणि शोभेला चहाचा कप समोर ठेवी. असाच एकदा पेला संपवत होतो तर पलीकडून बशीतून चहा ओढल्याचा आवाज आला. असा तसा नव्हे. लांब, सावकाश, एका दमात बशी कोरडी करणारा. आयुष्यभर लोकांना चहा पिताना ऐकलेला माणूस मी, म्हणून मनात म्हटलं, हे कोणी मुरलेलं गिऱ्हाईक आहे. पाठोपाठ आवाज आला, "पत्ती नीट उकललीच नाय रं." मी उठून फळीवरून डोकावलो. चांगूआय पाय वर घेऊन बाकावर बसली होती, तीन बोटांवर बशी तोललेली.

तिनं वर पाहिलं. दचकली नाही, बशीही खाली ठेवली नाही. माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "मास्तर, मिशीची साय पूस."

मी मिशी पुसली आणि पडदा ओलांडून तिच्यासमोर जाऊन बसलो. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळलं होतं. तिनं रीतसर तह केला. तू माझं सांगू नको, मी तुझं सांगत नाही. मी कबूल झालो. मग धीर करून विचारलं की चांगूआय, स्वतः इतक्या आवडीनं पिता, मग पाड्याला का बंदी?

ती म्हणाली, "खालच्या गावान चाय आली नि दूध गेलं. कासंड्या भरून हाटेलान जातंय. ल्हान ल्हान पोरांच्या पुढ्यान काला पानी नि पाव. मी डोल्यानं बघलाय. माज्या पाड्यान मी जिती असपर्यंत नाय व्हऊ देनार."

"आणि तुम्ही पिता ते?"

"ये दूध ओव्याचं नाय," ती म्हणाली आणि उरलेला चहा बशीत ओतला.

मला यावर हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मिठागरात पाट्या वाहणाऱ्या बायकांना मी त्या तक्त्यावरचं वाक्य वाचून दाखवलेलं होतं. चहानं भूक दूर होते. भूक खरंच दूर होत होती, ही त्यातली वाईट गोष्ट होती. मला माझ्या तक्त्याची लाज वाटली. त्यानंतर त्या वाक्याचा भाग मी खालून दुमडून लावू लागलो, आणि कोणी विचारलं तर वाळवी लागली म्हणून सांगू लागलो.

असे काही महिने सुखात गेले. बाजाराच्या दिवशी इकडं चांगूआय दत्तूशेठकडं बशी ओढी, तिकडं पाडा बोंबील जाळी, आणि मध्ये मी दोन्हीकडची गुपितं पोटात घेऊन दूध पिई. मग गोमीच्या लग्नाची गोष्ट निघाली.

त्या भागात सोयरीक जुळली की दोन्हीकडची वडील माणसं एकच चहा दोघांत घेत. एकानं बशी घ्यायची, दुसऱ्यानं कप. आधी हे गूळपाण्यानं व्हायचं. चहा आला तसं ते चहानं होऊ लागलं आणि बघता बघता अशी वेळ आली, की चहा विचारला नाही म्हणजे पाहुण्यांचा मान ठेवला नाही. गोमीला आधी एक स्थळ येऊन गेलं होतं. चांगूआयनं त्यांना दूध दिलं, खरवस दिला, आणि चहा मागितल्यावर ताक दिलं. पाहुणे उठून गेले आणि ओव्याला चहा मिळत नाही ही बातमी खाडीपलीकडं पसरली. पुढं वर्षभर कोणी फिरकलं नाही. आता उरणकडचे हाशा मुकादम आपल्या पुतण्यासाठी येणार होते. मिठागरावरचे मुकादम, मानापानाला फार कडक. पुतण्या काशिनाथ मुंबईला गोदीत नोकरीला, गोमीनं त्याला एका हळदीत पाहिलेलं.

गोमी डेपोत आली, पण पाटी पुढं केली नाही. खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, आजी तुमचं आयकंल. ह्यो पावना बी गेला तर मी जलमभर ताक घुसलत बसंन. आनि मना तो पसंत हाय." एवढं बोलून ती लाजली आणि मग लाजल्याबद्दल चिडली.

पुढच्या बाजाराला मी चांगूआयला दत्तूशेठकडं गाठलं. तिचं गुपित माझ्या खिशात होतं. चारचौघांत एक शब्द टाकला असता तर तिची बंदी त्याच दिवशी मोडली असती आणि माझ्या खात्यावर एक गाव चढलं असतं. पण ते मला करायचं नव्हतं. मी फक्त गोमीचं म्हणणं सांगितलं. म्हातारीला नात प्यारी होती, पण विहिरीवर हात ठेवून दिलेला शब्दही होता. मग मी माझी युक्ती काढली. चूल तुमची नाही, स्टोव्ह माझा. टोप तुमचं नाही, किटली माझी. पत्ती कंपनीची. तुमच्या चुलीवर चहा चढणार नाही म्हणालात, तो चढणारच नाही.

"आनि दूध?" तिनं विचारलं.

दूध मात्र ओव्याचंच लागणार होतं. मी तसं सांगितलं. तिनं बशी संपवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग तुज्या कंपनीचा आजून येक नियम वाडव."

ठरल्या दिवशी मी चांगूआयच्या अंगणात पेटी उघडली. अख्खा पाडा गोळा झाला होता. पडवीत हाशा मुकादम फेटा बांधून बसले होते, शेजारी काशिनाथ, दाराआड गोमी. आणि या सगळ्यांत माझ्या नशिबानं आमचे मुंबईचे साहेब. ओव्याला एकही पुडी का खपत नाही, हे ते बरेच दिवस विचारत होते. तिथं प्रात्यक्षिक आहे असं डेपोत कळलं, तसे ते मोटारीनं तळोज्यापर्यंत आणि पुढं बांधावरून बूट चिखलात भरवत येऊन पोचले होते. त्यांना गावात कोणी ओळखत नव्हतं, पण कंपनीचे साहेब म्हटल्यावर मुकादमांच्या शेजारी चटई पडली.

मी स्टोव्ह पेटवला आणि नियम सांगायला सुरुवात केली. ताजं पाणी, उकळतं पाणी, झाकण. मग आवाज चढवून म्हटलं की आता कंपनीचा सगळ्यात मोठा नियम. घरातल्या पोराबाळांचं दूध आधी बाजूला काढायचं, त्यांचे पेले भरायचे, आणि उरेल ते चहाला. पोरांचा पेला रिकामा असेल त्या घरात चहा करायचा नाही. चांगूआयनं इशारा केला. पाड्यातली सगळी चिल्लीपिल्ली रांगेत आली आणि एकेकाला दूध मिळालं. साहेब माझ्या कानाशी लागून म्हणाले, हा नियम कधी आला? मी म्हटलं, मुंबईहूनच आला साहेब. त्यांनी मान हलवली. आपल्या कचेरीतून काय निघतं हे आपल्याला ठाऊक नाही, असं खेड्यात कबूल करायला ते तयार नव्हते.

चहा झाला. एक कप भरला, काठोकाठ, बशीत सांडेपर्यंत, कारण तिथं काठाखाली भरलेला कप म्हणजे कंजूषपणा. मी बशीत चहा ओतून ती चांगूआयपुढं धरली आणि कप मुकादमांपुढं ठेवला. पाडा श्वास रोखून बघत होता. म्हातारीला आयुष्यात प्रथमच चहा घ्यायचा आहे, हात भाजेल, बशी कलंडेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. चांगूआयनं बशी घेतली, तीन बोटांवर तोलली, एक हलकी फुंकर मारून साय पलीकडं सारली, आणि लांब, सावकाश, एका दमात बशी कोरडी केली. एक थेंब लुगड्यावर पडला नाही. इतक्या सुबकपणे बशी पिणारं माणूस साहेबांनीही पाहिलं नसावं. पाड्यातल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. अशी बशी धरायला वर्षं लागतात हे त्यांना कळत होतं, आणि आपल्याला हे कसं कळतं, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

मुकादमांनी कप उचलला. ओठांपर्यंत नेला आणि थांबवला. त्यांची नजर माझ्यावर खिळली होती. माझा कप रिकामा करायला तिथं शेवगा नव्हता. चौफेर माणसं, शेणानं सारवलेलं लख्ख अंगण, आणि नियमापुरता भरून घेतलेला कप माझ्या हातात तसाच.

"मास्तर, तुमी नाय घेतलीत?" मुकादम म्हणाले. "ज्यानं केली तोच नाय पित. का रं बाबा?"

मिठागरातला माणूस, त्याला कोणाचाही संशय यायचा. मुकादमांनी कप खाली ठेवला असता तर सोयरीक तिथंच मोडली असती, आणि ओव्याच्या चहात काहीतरी होतं ही बातमी खाडीपलीकडं गेली असती. दाराआड गोमीच्या बांगड्या वाजल्या. साहेबही आता माझ्याकडं रोखून बघत होते. त्यांना तो एक खरोखरीचा नियम पाठ होता. मी घेतला असता तो घोट, पण मुकादमांच्या पुढ्यात ओकलो असतो, तर ते आणखीच वाईट.

चांगूआयनं बशी खाली ठेवली. "गोमे," तिनं आत हाक मारली, "मास्तरला दूध आन पेलाभर. कंपनीचा नियम हाय. चाय शिकवनाऱ्यानं दूधच प्यायचं, नायतर जीभ मरते नि पत्तीची चव कलत नाय." आणि साहेबांकडं वळून म्हणाली, "व्हय ना रं सायबा?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, म्हातारीकडं पाहिलं, सगळ्या पाड्याकडं पाहिलं. "हो, हो," ते म्हणाले, "जिभेचा प्रश्न असतो." गोमी दूध घेऊन आली. मी सगळ्यांसमोर पेला रिकामा केला. नोकरीत पहिल्यांदाच उघड्यावर, मिशीला साय लावून. मुकादमांनी मान डोलावली आणि कप एका घोटात संपवला. सोयरीक झाली.

कोणीतरी हळदकुंकू आणायला धावलं, बायका बोलू लागल्या, किटली हातोहात फिरली. चांगूआय उठून विहिरीशी गेली आणि पाड्यातल्या सगळ्या सुनांना ऐकू जाईल असं बोलली. "आता बोंबील जालू नका. बाजारातनं आले की दर खेपंला वास येतो, नि ताटान येक बोंबील नाय. मी म्हातारी हाय, येडी नाय." सुनांनी पदर तोंडाला लावले. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही.

साहेबांनी मुंबईला जाऊन काय कळवलं ते मला कधी समजलं नाही. पोरांच्या दुधाचा नियम मात्र मी पुढं प्रत्येक गावात सांगत राहिलो, कंपनीच्याच तोंडानं. ओव्यानं तो पाळला. बाकीच्यांनी ऐकला, मान डोलावली आणि पहाटेच्या एस.टी.च्या टपावर दुधाच्या कासंड्या चढवून दिल्या. शिरढोण, विचुंबे, कुठं कुठं सांगितलं. त्या कासंड्या पनवेलच्या हॉटेलांत रित्या होत आणि त्या हॉटेलांना पत्ती मीच पुरवत होतो. माझ्या धंद्याचा मला अभिमान आहे, पण तो टप डोळ्यांपुढं आला की अजूनही वाईट वाटतं.

निवृत्त झालो तेव्हा कंपनीनं समारंभ केला, हार घातला आणि एक सुंदर किटली भेट दिली. त्यानंतर गोमीच्या मुलीच्या लग्नाला उरणकडं गेलो होतो. चांगूआय केव्हाच गेली होती. मांडवात पाहुण्यांच्या हातात चहाच चहा, बशा ओढल्याचा आवाज, आणि माझ्या हातात कोणीतरी न विचारता गरम दुधाचा पेला दिला. शेजारी बसलेल्या नव्या जावयानं विचारलं की यांना चहा का नाही. मी नेहमीची सबब सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गोमी म्हणाली की मास्तरांना चहा चालत नाही, हे आख्ख्या ओव्याला आधीपासून ठाऊक होतं. वेशीवरचा शेवगा वाळला तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं. म्हातारीनं पाड्यात ताकीद दिली होती की हे पनवेलात कोणी बोलायचं नाही, माणसाचं पोट त्यावर आहे.

म्हणजे इतकी वर्षं मी त्यांचं गुपित सांभाळत असल्याच्या ऐटीत हिंडत होतो आणि एक अख्खं गाव माझं सांभाळत होतं. नवा जावई अजून माझ्याकडं बघत होता. गोमीनं माझ्या पेल्यात आणखी दूध ओतलं, अगदी काठोकाठ, आणि त्याला म्हणाली, "विचारू नको. कंपनीचा नियम हाय."